टायटॅनियमचा मळकट स्क्रू आणि हाडाची पकड

सोलापुरात दाताचे इम्प्लांट बसवून घ्यायला आलेल्या माणसाला डॉक्टरांनी नमुन्याचा स्क्रू दाखवला, की तो हमखास विचारतो, ‘एवढे पैसे मोजायचे आणि हा असा मळकट का?’ टायटॅनियमच्या या स्क्रूचा निस्तेज राखाडी रंग, हाडाने घट्ट धरावे म्हणून मुद्दाम खडबडीत केलेल्या पृष्ठभागाचा असतो.

हाड टायटॅनियमला धरते, अशी नोंद मांजरांवरील प्रयोगांत 1940 मध्येच झाली होती. पण त्या गुणाचे उपचारात रूपांतर केले ते स्वीडिश संशोधक पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांनी. 1952 च्या सुमारास, स्वीडनमधील लुंड येथे सशाच्या हाडातील रक्ताभिसरण पाहण्यासाठी बसवलेले टायटॅनियमचे उपकरण त्यांना परत काढता येईना, आणि 1965 मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात रोपण केले. त्यांचे स्क्रू लेथवर कातलेले, तुलनेने गुळगुळीत होते. त्यांवर दात चढवण्यापूर्वी खालच्या जबड्यात सुमारे 3, तर वरच्या जबड्यात 6 महिने थांबावे लागे.

1991 मध्ये डॅनियल बुझर आणि सहकाऱ्यांनी लहान जातीच्या डुकरांच्या हाडात वेगवेगळे पृष्ठभाग तपासले, तेव्हा विद्युत-प्रक्रियेने गुळगुळीत केलेल्या टायटॅनियमला हाडाचा स्पर्श 20 ते 25 टक्के, तर भरड खड्यांचा मारा करून आम्लात बुडवलेल्याला 50 ते 60 टक्के आढळला. आपल्याकडच्या टेरी टॉवेलचे लूप पाणी धरतात, तसा हा खडबडीत पृष्ठभाग गोठत्या रक्तातील फायब्रिन या प्रथिनाचे धागे धरतो, आणि त्याच धाग्यांवरून हाड घडवणाऱ्या पेशी धातूपर्यंत पोहोचतात.

याच्याही खाली, मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाची, म्हणजे नॅनोमीटरची मोजमापे आली, आणि इथे मात्र चित्र गुंतागुंतीचे आहे. फ्लोराइडयुक्त द्रावणात विद्युतप्रवाह सोडून टायटॅनियमवर त्याच्याच ऑक्साइडच्या नळ्या उगवता येतात. जर्मनीतील एर्लांगेनच्या पॅट्रिक श्मुकी यांच्या गटाने 2007 मध्ये उंदरांच्या मूलपेशी 15 नॅनोमीटर व्यासाच्या नळ्यांवर उत्तम वाढतात आणि 100 नॅनोमीटरवर मरू लागतात, असे दाखवले. 2009 मध्ये अमेरिकेतील सॅन डिएगोच्या गटाला मानवी मूलपेशी 70 ते 100 नॅनोमीटरवरच लांबट होऊन हाडाच्या पेशींकडे वळताना दिसल्या. पेशी आणि नळ्या तयार करण्याची रीत दोन्हीकडे वेगळी होती, त्यामुळे माहितीपत्रकावरील नुसत्या ‘नॅनो’ शब्दाला मी फारसे वजन देत नाही. शिवाय हे निष्कर्ष थाळीत वाढवलेल्या पेशींवरचे होते. जबड्यात बसवलेल्या स्क्रूला आधी रक्ताचा स्पर्श होतो, पेशी मागाहून येतात.