आठवा सर्व्हर

१ ऑगस्ट २०१२ रोजी सकाळी साडेनऊ वाजता न्यूयॉर्कचा शेअर बाजार उघडला आणि पुढच्या पाऊण तासात नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीवर सुमारे ४६ कोटी डॉलरच्या तोट्याचे संकट कोसळले. यात कोणी अफरातफर केली नव्हती की बाहेरून कोणी तिच्या संगणकांत शिरले नव्हते. कंपनीच्याच सॉफ्टवेअरने कोणालाही नको असलेले लाखो व्यवहार करून टाकले होते. अमेरिकेच्या रोखे बाजार नियामकाने २०१३ साली काढलेल्या आदेशात या घटनेचा तपशीलवार वृत्तांत आहे. डिप्लॉयमेंट, रिग्रेशन टेस्ट, रोलबॅक हे शब्द हल्ली सर्रास कानावर पडतात. ते कशासाठी अस्तित्वात आहेत, हे या वृत्तांतातून जितके स्पष्ट होते तितके व्याख्या पाठ करून होत नाही.

ग्राहकाची मोठी ऑर्डर लहान लहान ऑर्डरींमध्ये विभागून बाजारात पाठवणारी एक प्रणाली कंपनीकडे होती. तिच्यात ‘पॉवर पेग’ नावाचा एक जुना भाग होता. त्याचा वापर २००३ सालीच थांबला होता, पण तो काढून टाकलेला नव्हता. चालत नसलेल्या, तरीही प्रोग्राममध्ये पडून राहिलेल्या अशा भागाला ‘डेड कोड’ म्हणतात. मूळ ऑर्डर पुरी झाली की थांबायचे, यासाठी शेअरांची मोजदाद ठेवणारी एक सोय त्याला जोडलेली होती. २००५ साली ही मोजदाद प्रणालीत दुसरीकडे हलवण्यात आली आणि त्यानंतर पॉवर पेग नीट थांबतो का, हे कोणी तपासले नाही. एका ठिकाणी केलेल्या बदलामुळे आधी व्यवस्थित चालणारे दुसरे काही बिघडले नाही ना, हे पाहणाऱ्या चाचणीला ‘रिग्रेशन टेस्ट’ म्हणतात. ती चाचणी तेव्हा झाली असती, तर हा दोष सात वर्षे दबून राहिला नसता.

२०१२ साली शेअर बाजाराच्या एका नव्या योजनेसाठी कंपनीने नवा कोड लिहिला आणि तो चालू करण्यासाठी पॉवर पेगचाच जुना ‘फ्लॅग’ पुन्हा वापरला. फ्लॅग म्हणजे प्रोग्रामने कोणत्या वाटेने जायचे हे ठरवणारी चालू-बंदची खूण. नवा कोड प्रत्यक्ष वापरातल्या सर्व्हरांवर चढवणे, म्हणजेच ‘डिप्लॉयमेंट’, हे काम हाताने होत असे. सर्व्हर आठ होते. तंत्रज्ञाने सात सर्व्हरांवर नवा कोड चढवला, आठवा राहून गेला, आणि त्याचे काम दुसऱ्या कोणी तपासावे असा लेखी नियमच कंपनीत नव्हता.

डिप्लॉयमेंटचे ऑटोमेशन म्हणजे नेमके हेच काम स्क्रिप्टकडे, म्हणजे ठरलेली पावले आपोआप टाकणाऱ्या छोट्या प्रोग्रामकडे, सोपवणे. स्क्रिप्ट प्रत्येक सर्व्हरवर तीच पावले त्याच क्रमाने टाकते, शेवटी सगळीकडे एकच आवृत्ती आहे का ते पडताळते आणि एखादा सर्व्हर मागे राहिला असेल तर पुढे जात नाही. कोड लिहून झाल्यापासून चाचण्या आणि डिप्लॉयमेंटपर्यंतची अशी सलग स्वयंचलित साखळी म्हणजे ‘पाइपलाइन’. तिच्यामुळे वेळ वाचतो, हा फायदा मला दुय्यम वाटतो. थकलेल्या माणसाच्या स्मरणशक्तीवर काही सोडावे लागत नाही, हा खरा लाभ आहे.

बाजार उघडला तेव्हा सात सर्व्हरांनी फ्लॅग पाहून नवा कोड चालवला आणि आठव्याने त्याच फ्लॅगवर पॉवर पेग जागा केला. ऑर्डर पुरी झाल्याची वर्दी त्याला मिळतच नव्हती, त्यामुळे तो एकामागून एक ऑर्डरी पाठवत राहिला. ग्राहकांच्या केवळ २१२ ऑर्डरींवरून १५४ कंपन्यांच्या शेअरांत चाळीस लाखांहून अधिक व्यवहार झाले.

अशा वेळी ‘रोलबॅक’ करतात, म्हणजे आधीच्या, चालत असलेल्या आवृत्तीवर परत जातात. कंपनीनेही तेच केले आणि उरलेल्या सात सर्व्हरांवरून नवा कोड काढला. पण त्यांच्यावर खाली जुना पॉवर पेग होताच आणि फ्लॅगही चालू होता, त्यामुळे आता आठही सर्व्हर तीच चूक करू लागले. परत जाण्याची आवृत्ती सुरक्षित आहे याची आधीच खात्री करून ठेवणे हा रोलबॅकचा अर्धा भाग असतो, आणि तोच सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो.

सूचना मात्र मिळाली होती. सकाळी आठच्या सुमारास, बाजार उघडण्याच्या तब्बल दीड तास आधीपासून, प्रणालीने आपोआप ९७ ई-मेल पाठवले होते आणि त्यांत पॉवर पेगचा नावानिशी उल्लेख होता. परंतु ते ‘अलर्ट’ म्हणून योजलेले नव्हते आणि कर्मचारी ते आल्या आल्या वाचत नसत. अलर्ट ठरावीक माणसापर्यंत पोहोचतो, त्याने काय करायचे हे आधीच ठरलेले असते आणि त्याने दखल घेतली नाही तर तो पुढच्या माणसाकडे जातो. नाहीतर ती केवळ नोंद उरते.

व्यवहारांची रक्कम ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की सगळे आपोआप रोखणारी व्यवस्थाही तिथे पुरेशी नव्हती. दलालांनी अशी नियंत्रणे ठेवलीच पाहिजेत, असा नियम नियामकाने २०१० सालीच केला होता. नाइट कॅपिटलला झालेला १ कोटी २० लाख डॉलरचा दंड ही त्या नियमाखालची पहिली कारवाई होती. तोपर्यंत ही कंपनी गेटको या दुसऱ्या कंपनीशी विलीन होऊन गेली होती.