लॅमिएलीझ गण : जीनोमची उत्क्रांती आणि वर्गीकरण

लॅमिएलीझ हा सपुष्प वनस्पतींचा एक मोठा गण असून त्यात सुमारे २४ हजार जाती आहेत. ए.पी.जी. या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या गटाने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या चौथ्या वर्गीकरणात त्याची २४ कुले मानली आहेत. तुळस, पुदिना, साग, तीळ, जाई, ऑलिव्ह, अडुळसा, ब्राह्मी आणि ज्वारीच्या मुळांवर जगणारा टारफुला हे सगळे या गणातले. दोन ओठ फाकल्यासारखे दिसणारे फूल ही त्यांतल्या बहुतेकांची खूण. जुन्या वर्गीकरणाची सारी भिस्त याच खुणेवर होती आणि ते फसले तेही तिथेच.

सर्वांत मोठी उलथापालथ झाली ती स्क्रोफ्युलॅरिएसी कुलात. दोन ओठांचे फूल आहे, पण इतर कुठे बसत नाही, अशा वनस्पतींची ती अडगळीची खोली झाली होती. १९९५ साली हरितलवकातील दोन जनुकांच्या क्रमांची तुलना झाली आणि या कुलाचे सदस्य एका पूर्वजाचे वंशज नाहीत, हे उघड झाले. पुढच्या काही वर्षांत कुल अक्षरशः विखुरले. डिजिटॅलिस, अँटिऱ्हिनम (बागेतले स्नॅपड्रॅगन) आणि ब्राह्मी प्लँटॅजिनेसी कुलात, म्हणजे इसबगोलाच्या पंक्तीला जाऊन बसल्या. टारफुल्यासारख्या अर्धपरोपजीवी (काही अन्न स्वतः करून बाकीचे यजमानाकडून घेणाऱ्या) वनस्पती बंबाखूच्या ओरोबँकेसी कुलात गेल्या. व्हर्बिनेसी कुलातून साग आणि निरगुडी तुळशीच्या लॅमिएसी कुलात आल्या. खारफुटीतली तिवर तर अडुळशाच्या ॲकँथेसी कुलातली ठरली. बाह्यरूप पाहून हे नाते सहज सुचत नाही.

रूप का फसवते, याचे उत्तरही याच गणात मिळाले. अँटिऱ्हिनमच्या फुलाला वरची आणि खालची बाजू मिळते ती मुख्यतः सायक्लॉइडिया आणि डायकोटोमा या दोन जनुकांमुळे. दोन्ही निकामी झाली की फूल चारी बाजूंनी सारखे उमलते. लिनॅरिया व्हल्गॅरिस या वनस्पतीचे असेच एक रूप वनस्पतींना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनीअसने १७४४ साली वर्णिले होते. नेहमीच्या फुलाला खाली एकच शुंडिका (शेपटीसारखी पोकळ नळी) असते, तर याला पाच होत्या. त्याने त्याला पेलोरिया असे नाव दिले. १९९९ साली या फुलाचे कोडे उलगडले. त्यात सायक्लॉइडियासारख्या जनुकाचा क्रम बदललेलाच नव्हता. जनुकावर मिथिल गट हे छोटे रासायनिक तुकडे चढून ते गप्प झाले होते. एक जनुक मूक झाले की फुलाचा चेहरामोहरा बदलतो. मग चेहऱ्यावरून कुळी सांगणे धोक्याचेच. इसबगोलाच्या वंशातली फुले बारीक, कोरडी, चौपाकळी आणि बहुधा वाऱ्यावर परागण होणारी असल्याने ती डिजिटॅलिसच्या जवळची आहेत, ही शंकाही फारशी येत नसे.

जीनोमच्या, म्हणजे पेशीतल्या सगळ्या डीएनएच्या, आकारात तर हा गण थक्क करतो. गेन्लिसिया ट्यूबरोसा या कीटकभक्षी वनस्पतीचा जीनोम सुमारे ६.१ कोटी बेसजोड्यांचा (डीएनएच्या अक्षरजोड्यांचा), म्हणजे ज्ञात सपुष्प वनस्पतींत सर्वांत लहानांपैकी आहे. त्याच वंशातील गेन्लिसिया हिस्पिड्युलाचा जीनोम सुमारे १५० कोटींचा, म्हणजे जवळजवळ २५ पट आहे. सीतेच्या आसवांच्या वंशातील युट्रिक्युलॅरिया गिब्बाचा जीनोम २०१३ साली वाचला गेला. तो सुमारे ८.२ कोटी बेसजोड्यांचा असून त्यात २८ हजारांहून अधिक जनुके आहेत. टोमॅटोचा जीनोम त्याच्या दहापटीहून मोठा आहे, पण जनुकांची संख्या फार वेगळी नाही. खरी नवलाची गोष्ट पुढेच आहे. टोमॅटोपासून वेगळी झाल्यावर या वनस्पतीच्या पूर्वजांत संपूर्ण जीनोम किमान तीनदा दुप्पट झाला होता. म्हणजे तो आधी वाढला आणि मग दोन जनुकांच्या दरम्यानचा मजकूर झपाट्याने गळत गेला. आजचा लहान जीनोम पाहून पूर्वज साधे होते असे म्हणणे म्हणूनच चूक ठरते.

दुपटीकरणाच्या खुणा इतरत्रही आहेत. ओलिएसी कुलात जाई-जुईच्या जॅस्मिनम वंशात सहसा २६ गुणसूत्रे असतात, तर ऑलिव्ह आणि ॲश यांत ४६. ऑलिव्ह-ॲशच्या फांदीचा उगम बहुगुणनातून, म्हणजे गुणसूत्रांचे संच वाढण्यातून झाला, असे मानले जाते. ही प्रक्रिया अगदी अलीकडेही घडलेली आहे. उत्तर अमेरिकेतील मिम्युलस गटॅटस (२८ गुणसूत्रे) आणि दक्षिण अमेरिकेतील मिम्युलस ल्युटियस (सुमारे ६०) ही झाडे एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये नेली गेली. तिथे त्यांचा संकर झाला, पण तो वांझ होता. त्याची गुणसूत्रे दुप्पट होऊन ९२ गुणसूत्रांची, बीज धरणारी नवी जात स्कॉटलंडमध्ये तयार झाली. २०१२ साली तिला मिम्युलस पेरेग्रिनस असे नाव मिळाले. जाती जन्मायला लाखो वर्षे लागतातच असे नाही, याचा इतका स्वच्छ पुरावा विरळाच.

परोपजीवींत घट आणि वाढ दोन्ही शेजारी दिसतात. बीच वृक्षाच्या मुळांवर जगणाऱ्या एपिफॅगस व्हर्जिनियानाचा हरितलवक जीनोम १९९२ साली वाचला गेला. तो जेमतेम ७० हजार बेसजोड्यांचा, म्हणजे नेहमीच्या निम्म्याहून कमी निघाला. प्रकाशसंश्लेषणाची सर्व जनुके गेली, तरी ४२ जनुके टिकून होती. टारफुल्यात उलटे घडले. यजमानाच्या मुळांतून झिरपणारी स्ट्रायगोलॅक्टोन ही संप्रेरके ओळखणाऱ्या प्रथिनांची जनुके वाढत गेली, त्यामुळे त्याचे बी यजमान जवळ असल्याची चाहूल लागल्यावरच रुजते.

गणाच्या मुळाशी असलेला क्रम आता बराच पक्का आहे. प्लोकोस्पर्मटेसी ही सर्वांत आधी वेगळी झालेली फांदी, त्यानंतर ओलिएसी आणि कार्लमॅनिएसी. पण वरची मोठी कुले थोड्याच काळात एकामागोमाग फुटल्याने ॲकँथेसी, बिग्नोनिएसी, व्हर्बिनेसी आणि (गेन्लिसिया, युट्रिक्युलॅरियाचे) लेंटिब्युलॅरिएसी यांचा आपसांतला क्रम हरितलवक आणि केंद्रकातील जनुके वेगवेगळा सांगतात. तो वाद अजून मिटलेला नाही.