ऑल-व्हील-ड्राइव्ह आणि ब्रेक: एक खुलासा

लहान आकाराच्या दोन प्रतिस्पर्धी आलिशान सेदानची तुलना निघाली की नागपुरातही एक समज पुढे पाठवला जातो: जिची ऑल-व्हील-ड्राइव्ह यंत्रणा सरस, ती गाडी पावसात लवकर थांबते.

ही यंत्रणा इंजिनाची ताकद चाकांमध्ये वाटते. काही गाड्यांत ती चारही चाकांना कायम मिळते, तर काहींत मुख्यतः मागच्या चाकांना जाते आणि गरजेनुसार क्लचमार्फत पुढे वळते. निसरड्या जागेवरून निघताना हा फरक जाणवतो. ब्रेक मात्र प्रत्येक मोटारीत चारही चाकांना असतात, त्यामुळे वर्धा रोडवर भर पावसात थांबताना वेग आणि टायरची पकड हेच निर्णायक ठरतात. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर साधारण चौपट होते. गाडी न घसरता वेग घेते म्हणून रस्त्याचा निसरडेपणा चालकाला कळतच नाही, आणि माझ्या मते या समजाचे मूळ तिथेच आहे.

पडताळणीसाठी टायरच्या खाचांमधील झीजदर्शक उंचवटे पाहावेत. रबर त्यांच्या पातळीला आले, म्हणजे खोली १.६ मिलिमीटरच उरली. चाचण्यांचे आकडे वाचताना दोन्ही गाड्यांचे टायर एकसारखे होते का, हे आधी तपासावे.