शास्त्रीय व्यवस्थापन : नागपूरच्या गिरणी-उद्योगाच्या संदर्भात

कारखान्यातील कामाचे लहान लहान हालचालींत पृथक्करण करून, प्रत्येक हालचालीला लागणारा वेळ मोजून व अनावश्यक हालचाली वगळून कामाची प्रमाण पद्धत, दिवसाचे प्रमाण काम आणि त्यावर बेतलेली मजुरी ठरविणाऱ्या व्यवस्थापनपद्धतीस शास्त्रीय व्यवस्थापन म्हणतात. अमेरिकन अभियंता फ्रेडरिक विन्स्लो टेलर (१८५६–१९१५) हा तिचा प्रवर्तक मानला जातो. म्हणून तिला ‘टेलरवाद’ असेही नाव आहे. भारतीय कापडगिरण्यांत हीच विचारसरणी १९२० नंतर ‘एफिशियन्सी’ (कार्यक्षमता) व ‘रॅशनलायझेशन’ (कमी माणसांत अधिक काम होईल अशी कामाची फेररचना) या नावांनी आली. नागपुरात तिचा संबंध प्रामुख्याने एम्प्रेस मिल व मॉडेल मिल या दोन गिरण्यांशी येतो.

‘शास्त्रीय व्यवस्थापन’ हे नाव टेलरने दिलेले नाही. अमेरिकेत रेल्वेच्या दरवाढीविरुद्ध १९१० मध्ये चाललेल्या सुनावणीची तयारी करताना लुई ब्रँडाइस या वकिलाने व टेलरच्या काही सहकाऱ्यांनी ते निश्चित केले. याच सुनावणीत हॅरिंग्टन इमर्सन याने कार्यक्षम पद्धती वापरल्यास रेल्वे कंपन्यांची दररोज दहा लाख डॉलरची बचत होईल अशी साक्ष दिल्याने हा विषय वर्तमानपत्रांतून गाजला, आणि पुढच्याच वर्षी टेलरचा प्रमुख ग्रंथ प्रसिद्ध झाला. श्रमविभागणीचा विचार ॲडम स्मिथने १७७६ मध्ये आणि कामाच्या कालमापनाचा विचार चार्ल्स बॅबेजने १८३२ मध्ये मांडलेला असल्यामुळे टेलरचे श्रेय कितपत, हा वाद जुनाच आहे. कामाची योजना आखणे कामगाराच्या व मुकादमाच्या हातून काढून स्वतंत्र नियोजन विभागाकडे देणे हे त्याचे खरे वेगळेपण होय, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

टेलरने आपल्या पद्धतीचे उदाहरण म्हणून बेथलेहेम पोलाद कारखान्यात कच्च्या लोखंडाच्या लाद्या वाहणाऱ्या मजुराची हकिगत दिली आहे. तिच्यानुसार माणशी दिवसाचे काम साडेबारा टनांवरून साडेसत्तेचाळीस टनांवर गेले आणि दिवसाची मजुरी १·१५ डॉलरवरून १·८५ डॉलर झाली. म्हणजे काम जवळजवळ चौपट झाले व मजुरी सुमारे साठ टक्क्यांनी वाढली. या दोन आकड्यांतील अंतर हाच पुढे कामगार संघटनांचा मुख्य आक्षेप ठरला. ही हकिगत टेलरने सांगितली तशी घडली नव्हती, असे चार्ल्स रेगी व अमेडिओ पेरोनी यांनी १९७४ मध्ये मूळ कागदपत्रांवरून दाखवून दिले. तथापि व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकांतून ती अजूनही जशीच्या तशी उतरविली जाते.

टेलरचे सहकारी व अनुयायी यांपैकी फ्रँक व लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने वेळेऐवजी हालचालींच्या अभ्यासावर भर दिला. हेन्री गँट याने ठरावीक कामावर बोनस देण्याची पद्धत बसविली. चार्ल्स बेदो याने विश्रांतीसह एका मिनिटात होणाऱ्या कामास एक एकक धरून तासाला साठ एकके हे प्रमाण ठरविले. अमेरिकन सरकारच्या वॉटरटाउन येथील शस्त्रनिर्मिती कारखान्यात स्टॉपवॉच आणताच ओतकामगारांनी ऑगस्ट १९११ मध्ये काम बंद केले. त्यानंतर संसदीय समितीपुढे खुद्द टेलरची साक्ष झाली आणि १९१५ मध्ये लष्करी कारखान्यांतील कालमापनासाठी पैसा खर्च करण्यास कायद्यानेच मनाई झाली. मालकवर्गही सरसकट अनुकूल नव्हता, कारण नियोजन विभागाचा खर्च आधी करावा लागे आणि फायदा मागाहून दिसे. टेलरला बेथलेहेममधून १९०१ मध्ये काढूनच टाकण्यात आले होते.

नागपुरातील पूर्वपीठिका : जमशेटजी टाटा (१८३९–१९०४) यांनी १८७४ मध्ये स्थापन केलेल्या सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीची गिरणी जुम्मा तलावाजवळ १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आल्याने गिरणीस ‘एम्प्रेस’ हे नाव मिळाले. रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातून आलेले बेझनजी दादाभाई मेहता हे व्यवस्थापक आणि जेम्स ब्रुक्स्बी हे तंत्रज्ञ होते. या गिरणीत निवृत्तिवेतन, अपघात-भरपाई व भविष्यनिर्वाह निधी या योजना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभी, म्हणजे कायद्याने त्या बंधनकारक होण्याच्या पुष्कळ आधी, सुरू झाल्या. चांगल्या हजेरीबद्दल व कामाबद्दल बक्षिसे देण्याचीही प्रथा होती.

यावरून एम्प्रेस मिलमध्ये टेलरच्या आधीच शास्त्रीय व्यवस्थापन अवतरले होते, असे विधान काही गौरवपर लेखनात आढळते. ते सावधपणे घेतले पाहिजे. पेरणी-कापणीच्या दिवसांत गावाकडे परतणारा मजूर गिरणीत टिकवून धरणे हा या योजनांचा तातडीचा हेतू दिसतो; कामाचे पृथक्करण वा कालमापन त्यांत नाही. त्यांना पितृभावी व्यवस्थापन म्हणणे अधिक योग्य. टेलरच्या विचाराशी नाते सांगायचेच झाले, तर ते निधीपेक्षा रिंग चात्यांशी (सूत कातणाऱ्या नव्या यंत्राच्या फिरत्या दांड्यांशी) सांगता येईल. म्यूल या जुन्या कताईयंत्रात सूत ओढण्याची व गुंडाळण्याची क्रिया आळीपाळीने होते आणि तेथे मुरलेल्या कामगाराचे कसब लागते. रिंग यंत्रात दोन्ही क्रिया अखंड चालतात, दर चातीमागे सूत अधिक निघते आणि नवखा कामगार थोड्या दिवसांत तयार होतो. एम्प्रेस मिलने ही यंत्रे बहुधा १८८० च्या दशकाच्या पूर्वार्धात, इंग्लंडमधील लँकेशायर या कापड-उद्योगाच्या केंद्रात म्यूलचाच वरचष्मा असताना, स्वीकारली. लँकेशायरच्या नामांकित यंत्रनिर्मात्यांनी प्रथम त्यांत रस घेतला नाही, असे टाटांचे चरित्रकार सांगतात. कामाचा वेग कामगाराच्या हातातून यंत्राकडे जाण्याची प्रक्रिया अशा रीतीने नागपुरात स्टॉपवॉचवाचून सुरू झाली.

कार्यभाराचा प्रश्न : पहिल्या महायुद्धानंतरची तेजी ओसरल्यावर आणि जपानी कापडाची स्पर्धा वाढल्यावर मुंबईच्या काही गिरण्यांनी, विशेषतः ससून गटाने, विणाईत एका माणसाकडे दोनऐवजी तीन साचे (माग) आणि कताईत रिंग यंत्राच्या एका बाजूऐवजी दोन बाजू देण्याची योजना आखली. एप्रिल ते ऑक्टोबर १९२८ या काळात सुमारे दीड लाख कामगारांनी केलेल्या संपाच्या कारणांत ही योजना अग्रभागी होती, आणि संपानंतर नेमलेल्या फॉसेट समितीला तिचा तपशीलवार विचार करावा लागला. नागपुरात रामभाऊ रुईकर यांच्या नेतृत्वाखाली गिरणीकामगारांची संघटना याच सुमारास बळावत होती आणि मजुरी व कार्यभार यांवरील मुंबईच्या वादाचे पडसाद येथे उमटत होते.

साचे वा बाजू वाढविणे म्हणजे काय हे नीट समजण्यासाठी धाग्याच्या तुटीकडे पाहावे लागते. कताईवाल्याचा खरा भार त्याच्याकडे किती चात्या आहेत यावर ठरत नाही. तासाला किती धागे तुटतात व ते जोडायला त्याला किती फेऱ्या माराव्या लागतात यावर ठरतो. कापूस आखूड धाग्याचा असेल, मिश्रणात स्वस्त माल घातला असेल, पूर्वतयारीच्या खात्यात पिंजण नीट झाली नसेल किंवा हवेत ओल कमी असेल, तर तूट वाढते. यांतील पहिल्या तीन गोष्टी मालकाच्या हातात असतात. चौथीला नागपुरात विशेष महत्त्व आहे, कारण येथील उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो व हवा अतिशय कोरडी असते. खात्यात कृत्रिम रीतीने बाष्प सोडावे लागते, आणि ते सोडले की सूत सुधारले तरी माणसाला उकाडा असह्य होतो. मुंबईच्या दमट हवेत काढलेले प्रमाण नागपूरच्या वैशाखात लावणे म्हणूनच न्याय्य ठरत नाही. कालमापन हे तटस्थ शास्त्र आहे हा टेलरपंथीयांचा दावा नेमका येथे लंगडा पडतो : घड्याळ खोटे बोलत नाही हे खरे, पण कोणत्या कापसावर व कोणत्या महिन्यात ते लावायचे हे मोजणाराच ठरवितो. कामगार संघटनांनी मोजणीच नाकारण्यापेक्षा मोजणीत वाटा मागितला, असे पुढील करारांवरून दिसते.

योग्य कामासाठी योग्य माणूस निवडावा हे टेलरचे दुसरे तत्त्व. गिरणीत प्रत्यक्ष निवड करी तो जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम. भरती, बदली कामगारांना रोजच्या रोज दिले जाणारे काम व रजा ही सर्व त्याच्या हाती असत. त्याला वगळून नियोजन विभाग उभारणे मालकांनाही परवडत नव्हते, कारण संपाच्या काळात माणसे आणून देणारा तोच होता. निवडीला जातीची चौकटही होती. सुताची कांडी बदलताना धोट्याच्या (मागावर आडवा धागा नेणाऱ्या साधनाच्या) छिद्रातून धागा तोंडाने ओढावा लागत असल्याने अधिक मजुरीचे विणाई खाते अस्पृश्य मानलेल्या कामगारांना बंद असे. नागपुरातही महार कामगारांचा भरणा मुख्यतः कताई खात्यात होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न मुंबईतील कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. कार्यक्षमतेच्या कोणत्याही योजनेने ही चौकट आपण होऊन मोडल्याचे दिसत नाही.

स्वातंत्र्योत्तर काळ : औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ मध्ये १९५६ साली झालेल्या दुरुस्तीने कामगारकपात संभवत असेल अशा रॅशनलायझेशनपूर्वी कामगारांना सूचना देणे आवश्यक झाले. नागपूर १९४७ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडात असल्याने येथे प्रांताचा त्याच वर्षीचा स्वतंत्र विवाद-निवारण कायदाही लागू होता. कानपूरच्या गिरण्यांत १९५५ मध्ये रॅशनलायझेशनच्या प्रश्नावर ऐंशी दिवसांचा संप झाला. त्यानंतर १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत तीन अटी मान्य झाल्या : असलेल्या कामगारांची कपात होऊ नये, लाभाची मालक, कामगार व समाज यांत न्याय्य वाटणी व्हावी आणि कार्यभाराचे मूल्यमापन उभयपक्षी मान्य तज्ज्ञांनी करावे. राष्ट्रीय उत्पादकता परिषद १९५८ मध्ये स्थापन झाली आणि कालमापन हा अभियांत्रिकी अभ्यासक्रमाचा भाग बनला. एम्प्रेस मिल १९८० च्या दशकात राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली व २००२ च्या सुमारास बंद पडली. तिच्या जागेवर आज व्यापारी संकुल उभे आहे.

हिंगणा व बुटीबोरी येथील औद्योगिक वसाहतींत काइझेन (सततच्या लहान सुधारणा), ‘फाइव्ह एस’ (कामाच्या जागेची नीटनेटकी मांडणी) आदी जपानी पद्धती रूढ आहेत. त्यांत सुधारणा सुचविण्याचे काम कामगाराकडे परत आलेले दिसते, परंतु प्रमाण वेळ अद्याप अभियांत्रिकी विभागच ठरवितो.

याउलट विदर्भातील विडी उद्योगात कालमापन कधीच आले नाही. तेथे हजार विड्यांमागे उक्ती मजुरी मिळते. वेग वळणाऱ्या बाईचा स्वतःचाच असतो, आणि मालकाचे नियंत्रण तेंदूपान व तंबाखू मोजून देणे आणि सदोष म्हणून विड्या बाजूला काढणे, म्हणजे ‘छाट’, या दोन टोकांना चालते. छाटीविषयीचे तंटे राज्य शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे नेण्याची तरतूद विडी व सिगार कामगार अधिनियम, १९६६ मध्ये (तो २०२५ मध्ये रद्द होईपर्यंत) होती.