अर्धा किलोचा चाप, अडीच किलोचा चाप

बालेवाडीच्या शूटिंग रेंजवर स्पर्धेआधी हत्यारांची तपासणी होते, ती एकदा तरी जवळून पाहावी. टेबलावर ५०० ग्रॅमचं एक वजन असतं. पिस्तूल कॉक करायचं, म्हणजे चाप सुटायला तयार ठेवायचा, नळी सरळ आकाशाकडे धरायची, वजन चापाला अडकवायचं आणि पिस्तूल हळूच वर घ्यायचं. वजन टेबलावरून उचललं गेलं आणि तरीही चाप सुटला नाही, तर पिस्तूल पास. माझ्या भाचीचं पिस्तूल पहिल्या खेपेला नापास झालं. वजन उचलता उचलता ‘टक्’ असा बारीक आवाज आला आणि तिचा चेहराच पडला. मग तिनं ॲलन कीनं स्क्रू केसभर फिरवला आणि पुढच्या खेपेला ते पास झालं.

“थोडा जड ठेवला असतास तर ही धाकधूक झाली नसती ना?” मी विचारलं.

“मामा, ५०० च्या वरचा एकेक ग्रॅम मला बोटात कळतो,” ती म्हणाली.

त्या दिवशी माझ्याबरोबर शेजारचे निवृत्त फौजदार आले होते. स्पर्धा आटोपल्यावर, रेंज ऑफिसरला विचारून, त्यांनी तेच पिस्तूल ड्राय फायरवर, म्हणजे पेलेट न भरता नुसता चाप चालवायला, हातात घेतलं. बोट चापावर टेकवलं न टेकवलं तोच तो सुटला. “अहो, मी अजून दाबलासुद्धा नव्हता!” काका दचकलेच. सगळी नोकरी कमरेला पिस्तूल लावून काढलेला माणूस तो. तेव्हापासून माझ्या डोक्यात एक प्रश्न घर करून बसला आहे. स्पर्धेसाठी पिस्तुलं बनवणारा कारखाना पोलिसांसाठी बनवायला लागतो, तेव्हा त्याला नेमकं काय बदलावं लागतं?

हे प्रत्यक्षात घडलं आहे. अमेरिकेत टेक्सासमध्ये एसटीआय नावाची कंपनी होती. जॉन ब्राउनिंगची रचना असलेलं, अमेरिकी लष्करानं १९११ साली स्वीकारलेलं पिस्तूल हा तिचा पाया. नव्वदच्या दशकात या कंपनीनं त्याच रचनेला धातूच्या चौकटीखाली प्लॅस्टिकची मूठ दिली, गोळ्या दुहेरी रांगेत भरायचं जाड मॅगझिन दिलं आणि नाव ठेवलं ‘२०११’. धावत-पळत एकामागून एक लक्ष्य टिपायच्या स्पर्धांमध्ये या पिस्तुलांचा दबदबा होता. २०२० साली कंपनीनं स्वतःचं नाव बदलून ‘स्टकाटो’ केलं आणि मोर्चा पोलिस खात्यांकडे वळवला. व्यापाराचं गणित उघड आहे. स्पर्धक मोजके असतात, आणि पोलिसांची ऑर्डर एकदम शेकड्यानं निघते. मला मात्र त्यामागचं यंत्रशास्त्र जास्त मोलाचं वाटतं.

आधी स्पर्धेचं पाहू. १० मीटर एअर पिस्तूल प्रकारात दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं असतं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. पिस्तुलाच्या पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये, म्हणजे नेम धरायच्या खुणांमध्ये, साधारण ३५ सेंटिमीटर अंतर धरू. त्यातली पुढची साइट ०.२ मिलिमीटरनं, म्हणजे वहीच्या दोन कागदांच्या जाडीइतकी, बाजूला सरकली की पेलेट, म्हणजे छर्रा, वर्तुळाच्या मध्यापासून थेट कडेवर जातो. आता असं समजा की हातातलं पिस्तूल एक किलोचं आहे आणि बोटाला अडीच किलोचा जोर लावायचा आहे. हत्याराच्या वजनाच्या अडीचपट जोर लावताना हात दोन कागदांएवढाही हलू द्यायचा नाही! म्हणून स्पर्धेचा चाप नियमात बसेल तितका हलका ठेवतात. एअर पिस्तुलाला किमान ५०० ग्रॅम, २५ मीटरच्या पिस्तुलाला किमान १,००० ग्रॅम. पोलिसांच्या हातात सर्रास दिसणाऱ्या ग्लॉकचा चाप मुळात अडीच किलोच्या आसपास असतो. न्यूयॉर्क पोलिसांनी तर आपल्या पिस्तुलांना पाच किलोच्या पुढचे चाप बसवून घेतले होते.

हलका चाप म्हणजे आत काय असतं? गोळी उडवायला आपटणारी छोटी हातोडी म्हणजे हॅमर. तो मागे ओढून धरणारा एक छोटा तुकडा असतो, सिअर. कडक केलेल्या पोलादाच्या दोन कडा एकमेकींवर मिलिमीटरच्या काही दशांशांइतक्या चढलेल्या असतात आणि हॅमरच्या स्प्रिंगचा सगळा जोर तेवढ्याशा टेकूवर तोललेला असतो. चाप ओढला की ही कड त्या कडेवरून घसरून सुटते. घर्षण कमी, कडांची चढण कमी, तर चाप हलका. मी भोसरीत टूल-रूममध्ये वर्षानुवर्षं काम केलं आहे. आरशासारखी घासलेली कड दहापटीच्या भिंगाखाली धरली की खरवडीच्या रेघा कशा दिसतात ते मला माहीत आहे. त्या रेघा काढून टाकायला चांगल्या फिटरचा अख्खा दिवस जातो. स्पर्धेच्या पिस्तुलाची किंमत या हातांची असते.

आता हेच पिस्तूल धावपळीत होल्स्टरमधून निसटून फरशीवर पडलं तर? गणित सोपं आहे. दीड मीटरवरून पडलेली वस्तू जमिनीला टेकते तेव्हा तिचा वेग सेकंदाला सुमारे ५.४ मीटर असतो. फरशी कडक, पोलादही कडक. हा वेग एखाद्या मिलिमीटरच्या अंतरात शून्य झाला, तर मंदन गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १,५०० पट भरतं. म्हणजे त्या क्षणापुरता पिस्तुलातला प्रत्येक एक ग्रॅमचा भाग दीड किलोसारखा वागतो. चाप पाच ग्रॅमचा असला तर तो साडेसात किलोच्या जोरानं पुढे किंवा मागे जायला बघतो. पिस्तूल पाठीवर आपटलं तर मागे, आणि चापाच्या दृष्टीनं मागे म्हणजे ओढल्यासारखंच. अर्ध्या किलोचा काय, अडीच किलोचा चापही अशा वेळी एकट्यानं भरवशाचा उरत नाही.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. अमेरिकी लष्करानं २०१७ च्या जानेवारीत सिग सॉअरच्या पी३२० या पिस्तुलाची निवड केली, आणि त्याच वर्षी त्याची नागरी आवृत्ती ठराविक कोनात पडल्यावर गोळी सुटू शकते असं चाचण्यांमध्ये दिसलं. कंपनीनं जी सुधारणा देऊ केली, तिच्यात चाप आणखी हलका होता. हलका म्हणजे ओढायला सोपा या अर्थानं नव्हे, त्या तुकड्याचं स्वतःचं वस्तुमानच कमी केलं होतं. जडत्वावर जडत्व घटवूनच उपाय केला. मला हा उपाय फार आवडतो, कारण अकरावीच्या पुस्तकातला न्यूटन तिथं थेट कामाला लागलेला दिसतो.

दुसरा उपाय म्हणजे फायरिंग पिनच्या, म्हणजे काडतुसावर आपटून ते उडवणाऱ्या सुईच्या, वाटेत आडवी खुंटी. चाप पूर्ण ओढल्याशिवाय ही खुंटी बाजूला होतच नाही. सिअर सुटला, हॅमर पडला, तरी पिन काडतुसापर्यंत पोचत नाही. कोल्टनं १९११ पिस्तुलात हा ब्लॉक १९८० च्या दशकात, ‘सिरीज ८०’मध्ये आणला. स्पर्धकांना तो कधी फारसा रुचला नाही. चाप ओढताना ती खुंटीही उचलावी लागते, आणि बोटाला मध्येच बारीकसा खडा लागल्यासारखं होतं. माझ्या भाचीसारख्या बोटांना तर तो नक्कीच लागेल.

यंत्राचं झालं, आता माणसाच्या शरीराकडे वळू. रॉजर एनोका या शरीरक्रियातज्ज्ञानं नकळत सुटणाऱ्या गोळ्यांचा अभ्यास करून बोटाचे स्नायू आपल्या इच्छेविना आवळले जाण्याची तीन कारणं सांगितली. एक, अचानक दचकणं. दोन, तोल जाणं. तीन, दुसऱ्या हातानं जोर लावताना या हातानंही त्याची नक्कल करणं. तिसरं कारण घरीच करून बघा. डाव्या हातानं बरणीचं घट्ट झाकण जोरात आवळा आणि उजव्या हाताच्या बोटांकडे लक्ष ठेवा. तीही आवळायला लागतात. पोलिसाचा डावा हात एखाद्याची कॉलर धरून असतो, पायाखाली ओला जिना असतो, शेजारी दार आपटतं. तिन्ही कारणं एकाच क्षणी हजर. जर्मनीत पोलिसांवर केलेल्या चाचण्यांत तर काही जणांच्या बोटांनी चापाला स्पर्श केला होता आणि त्यांना स्वतःला त्याचा पत्ताही नव्हता.

मग चाप जड करा म्हणजे झालं? इतकं सरळ नाही. २०१२ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगसमोर पोलिसांनी एका सशस्त्र खुन्यावर १६ गोळ्या झाडल्या. त्या गोळ्यांनी आणि त्यांच्या उडालेल्या तुकड्यांनी नऊ वाटसरू जखमी झाले. पाच किलोच्या चापावर तेव्हा पुन्हा बोट ठेवलं गेलं. जड चाप नकळत सुटण्याला आवर घालतो आणि त्याच वेळी जाणूनबुजून मारलेली गोळीही भरकटवतो. या दोन टोकांमधली जागा शोधणं हे माझ्या मते स्पर्धेच्या पिस्तुलापेक्षा कितीतरी अवघड काम आहे. स्पर्धेत वर्षानुवर्षं घोटलेलं एकच बोट सांभाळायचं असतं. इथं हजारो सामान्य बोटांच्या सगळ्यात वाईट क्षणाचा विचार करावा लागतो.

या शोधाला सगळ्यात मोठी चालना ऑलिंपिकच्याच गावात मिळाली, हे मनाला लागतं. १९७२ च्या म्युनिकमधल्या दहशतवादी हल्ल्यानंतर पश्चिम जर्मनीच्या पोलिसांनी नव्या पिस्तुलाची मागणी पुढे ठेवली. ९ मिलिमीटरचं, बाहेरचा सेफ्टी खटका न हाताळता तत्काळ चालणारं, आणि तरीही बाळगायला सुरक्षित. तीन कारखान्यांनी तीन उत्तरं दिली. वॉल्थरनं पी५ दिलं आणि सिग-सॉअरनं पी६. दोन्हींत हॅमर सुरक्षितपणे खाली आणणारी कळ, त्यामुळे पहिल्या गोळीला चाप लांब आणि जड, पुढच्या गोळ्यांना हलका. हेकलर अँड कॉखनं पी७ दिलं, त्यात मूठच आवळायची. आवळली की पिस्तूल तयार, सैल सोडली की निर्धोक. एकाच प्रश्नाला इतकी वेगळी उत्तरं मिळतात तेव्हा मला अभियंता असल्याचा अभिमान वाटतो.

राहिला भरवसा. २५ मीटरच्या स्पर्धेत पिस्तूल अडकलं तर नियमात बसणाऱ्या बिघाडासाठी राहिलेले शॉट मारायला मिळतात. आणि जिथं मिळत नाहीत तिथं काय होतं, हे टोकियोत मनू भाकरच्या बाबतीत आपण पाहिलं. २०२१ मध्ये पात्रता फेरीच्या ऐन मध्यात तिचं एअर पिस्तूल बिघडलं, दुरुस्तीत वेळ गेला आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. तरी तिला पॅरिसला पुन्हा उभं राहता आलं, दोन कांस्यपदकं घेता आली. चौकीतल्या माणसाला ती दुसरी संधी नसते. म्हणून पोलिसांची पिस्तुलं हजारो गोळ्या झाडून तपासतात. त्यामागे संख्याशास्त्रातला तीनचा नियम आहे. ३०० गोळ्या एकदाही न अडकता सुटल्या, तर ९५ टक्के खात्रीनं एवढंच म्हणता येतं की बिघाडाचं प्रमाण शंभरात एकापेक्षा कमी आहे. दोन हजारांत एकापेक्षा कमी आहे असं म्हणायचं, तर ६,००० गोळ्या सलग बिनतक्रार सुटायला हव्यात. खडकीच्या दारूगोळा कारखान्याजवळ वाढलेल्यांना ६,००० काडतुसांचा ढीग केवढा होतो ते सांगायला नको.

त्यातून घट्ट बसवलेलं पिस्तूल इथं उलट अंगाशी येतं. स्पर्धक रोज साफ करतो, मापून तेल देतो, एकाच जातीच्या गोळ्या वापरतो. बंदोबस्तावरचं पिस्तूल जूनच्या पावसात भिजतं, पालखीच्या गर्दीत धूळ खातं, घामानं ओलं होतं. स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग, आणि चौकट यांच्यात कचऱ्याला निसटायला थोडी फट लागते. शिवाय कुठलाही भाग कुठल्याही पिस्तुलात बसला पाहिजे, फिटरनं घासून जुळवायला वाव नाही. पाच भागांची माप-चूक प्रत्येकी ०.०२ मिलिमीटर असली तर सगळ्यात वाईट जोडीत ती ०.१ होते. त्या ०.१ सकट पिस्तूल चाललं पाहिजे आणि तरी नेमही साधला पाहिजे.

हे काम आपल्या गावातही होतं. पाषाणची एआरडीई ही संरक्षण संशोधनाची प्रयोगशाळा आणि महूची इन्फन्ट्री स्कूल यांनी मिळून चार महिन्यांत उभं केलेलं ‘अस्मि’ हे ९ मिलिमीटरचं मशीन पिस्तूल २०२१ च्या जानेवारीत जाहीर झालं. वरचा भाग विमानात वापरतात त्या ॲल्युमिनियमचा, खालचा कार्बन फायबरचा, आणि चापाचे भाग धातूच्या थ्रीडी प्रिंटिंगनं बनवलेले.

स्टकाटोनं अलीकडे ‘एचडी’ नावाचं मॉडेल काढलं आहे. त्यात ग्लॉकची मॅगझिनं चालतात, म्हणजे खात्याकडे पडून असलेला साठा वाया जात नाही. आणि फायरिंग पिनच्या वाटेत ती आडवी खुंटी आली आहे, स्पर्धेच्या बोटांना न रुचलेली.

त्या दिवशी बालेवाडीत काकांनी पिस्तूल भाचीला परत केलं, तेव्हा मी त्यांच्या हाताकडे बघत होतो. तर्जनी चापाबाहेर, चौकटीच्या कडेला सरळ लावलेली. एअर पिस्तूल रिकामं आहे हे त्यांना ठाऊक होतं. भाचीनंही ते बघितलं, पिस्तूल पेटीत ठेवताना स्वतःचं बोट तसंच सरळ केलं आणि झाकण लावलं.