टीम बदलत फिरणारा खेळाडू म्हणजे फेल, हे खरं आहे का?

वर्षानुवर्षं एक मेसेज फिरतोय, की अमेरिकेत छोट्या बास्केटबॉल लीगमध्ये दरवर्षी टीम बदलणाऱ्या खेळाडूच्या खेळात दम नसतो म्हणून त्याला कोणी ठेवत नाही. वरवर पटतं, मलाही पटलं होतं, पण तसं नाहीये.

आधी जागा किती ते बघा. सगळ्यात मोठ्या लीगमध्ये, म्हणजे एनबीएमध्ये, ३० टीम, एका टीममध्ये रेग्युलर करारावर जास्तीत जास्त १५ जण, म्हणजे झाले ४५०, आणि त्यासाठी सगळ्या जगातून पोरं येतात. त्यामुळे जो ४५१वा आहे तो खराब खेळाडू नाही हो, नुसती जागा संपली!

आता टीम का बदलते? खालच्या लीगमधले बरेच करार एकाच सीझनचे, त्यात वरच्या, म्हणजे एनबीएच्या टीममध्ये कोणी जखमी झालं की ती टीम खालच्या खेळाडूला १० दिवसांच्या करारावर बोलावते, असे करार एका टीमसोबत सीझनमध्ये फक्त दोनच करता येतात, नंतर सीझन संपेपर्यंत ठेवायचं नाहीतर सोडायचं. परत खाली यायचं, नाहीतर पैसे बरे मिळतात म्हणून युरोप, फिलिपिन्स, चीन गाठायचं. खाली साधारण पाच महिन्यांच्या सीझनचे ४० हजार डॉलरच्या आसपास मिळतात, घर चालवायचं तर बॅग भरावीच लागते. आणि दम नसता तर दहा-दहा वर्षं नवनव्या टीमनी बोलावलंच नसतं ना.

खात्री करायची तर कुठल्याही अशा खेळाडूचं करिअर पेज उघडा आणि टीमची नुसती संख्या मोजू नका, कराराच्या तारखा बघा.