अमेरिकेत तुम्ही, भारतात जोडीदार: टॅक्स रिटर्न कसं भरायचं?

लग्न झालंय, नोकरी अमेरिकेत आहे आणि नवरा किंवा बायको अजून भारतातच आहे. कुणाचा व्हिसा अडकलेला असतो, कुणाला तिकडची नोकरी सोडायची नसते, कुणाच्या घरी आईवडिलांचं बघायचं असतं. कारण काहीही असो, रिटर्न भरायला बसलं की सॉफ्टवेअरचा पहिलाच प्रश्न 'फायलिंग स्टेटस'चा असतो आणि इथेच बरेच जण बिनधास्त 'सिंगल' निवडून मोकळे होतात. ते चूक आहे. ३१ डिसेंबरला तुम्ही कायद्याने विवाहित असाल तर त्या पूर्ण वर्षासाठी विवाहित धरले जाता. लग्न नाशिकला झालं असो की न्यू जर्सीत, जोडीदार अमेरिकेत कधी आला असो वा नसो, 'सिंगल' हा पर्याय तुमच्यासाठी नाही.

उरतात तीन पर्याय: मॅरिड फायलिंग सेपरेटली (विवाहित, वेगळं रिटर्न), मॅरिड फायलिंग जॉइंटली (विवाहित, एकत्र रिटर्न) आणि क्वचित हेड ऑफ हाउसहोल्ड (घर चालवणारी व्यक्ती). त्यांपैकी कुठला निवडायचा, हे ठरवण्याआधी दोघांची करदृष्ट्या स्थिती काय आहे ते नक्की करावं लागतं.

आधी ठरवा, रहिवासी कोण आणि अनिवासी कोण

ग्रीन कार्ड असेल तर माणूस अमेरिकेचा कर-रहिवासी, मग तो वर्षभर पुण्यात राहिला तरी. त्यामुळे तुमच्या जोडीदाराकडे ग्रीन कार्ड किंवा अमेरिकी नागरिकत्व असेल, तर तो भारतात राहत असूनही करासाठी 'अनिवासी' नाही आणि जोडीदाराला कर-रहिवासी धरण्याची, या लेखात पुढे सांगितलेली निवड करायची गरजच नाही.

ग्रीन कार्ड नसेल तर दिवस मोजायचे. चालू वर्षात किमान ३१ दिवस अमेरिकेत, आणि चालू वर्षाचे सगळे दिवस, मागच्या वर्षाचे एक तृतीयांश, त्याच्या मागच्या वर्षाचे एक षष्ठांश अशी बेरीज १८३ किंवा त्याहून जास्त झाली, तर रहिवासी. एफ-१ आणि जे-१ विद्यार्थ्यांचे पहिल्या पाच कॅलेंडर वर्षांतले दिवस या बेरजेत धरत नाहीत.

हा नियम तुमच्या स्वतःच्या बाबतीतही तपासा. समजा पाच वर्षं पूर्ण व्हायच्या आत तुमचा एफ-१ बदलून १ ऑक्टोबरला एच-१बी सुरू झाला. ३१ डिसेंबरपर्यंत मोजता येणारे दिवस भरतात ९२. म्हणजे त्या वर्षी सर्वसाधारणपणे तुम्हीसुद्धा अनिवासीच, रिटर्न १०४०-एनआर (अनिवासींचा फॉर्म) आणि जॉइंट रिटर्न नाही. पुढे सांगितलेली निवड करायला दोघांपैकी एक जण वर्षाच्या शेवटच्या दिवशी अमेरिकेचा नागरिक किंवा कर-रहिवासी असावाच लागतो.

वेगळं रिटर्न: सोपं, पण महाग

काहीच निवड केली नाही तर तुमचं स्टेटस मॅरिड फायलिंग सेपरेटली. रिटर्नवर फक्त तुमचं उत्पन्न येतं. जोडीदाराच्या भारतातल्या पगाराशी, एफडीशी, भाड्याशी आयआरएसचा, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याचा, काही संबंध येत नाही. जोडीदाराकडे सोशल सिक्युरिटी नंबर किंवा आयटिन (तो नंबर मिळू न शकणाऱ्यांसाठीचा कर-क्रमांक) नसेल आणि लागतही नसेल, तर त्या जागी 'एनआरए' (नॉन-रेसिडेंट एलियन, म्हणजे अनिवासी परदेशी) लिहायचं असतं. काही सॉफ्टवेअर हे स्वीकारून ई-फाइल करू देतात, काही देत नाहीत. तशी वेळ आली तर कागदी रिटर्न पोस्टाने पाठवायचं.

हेड ऑफ हाउसहोल्डबद्दल गैरसमज फार आहेत. अनिवासी जोडीदाराला रहिवासी धरायचं तुम्ही निवडलं नाही, तर या एका स्टेटसपुरतं तुम्हाला अविवाहित धरता येतं, हे खरं. पण तेवढ्याने भागत नाही. घराचा निम्म्याहून जास्त खर्च तुम्ही उचललेला हवा आणि पात्र व्यक्ती हवी, उदाहरणार्थ निम्म्याहून जास्त वर्ष तुमच्याजवळ अमेरिकेत राहिलेलं तुमचं मूल. जोडीदार स्वतः ती पात्र व्यक्ती होऊ शकत नाही. भारतात राहणारे, भारतीय नागरिक असलेले आईवडीलही नाहीत, तुम्ही दर महिन्याला कितीही पैसे पाठवत असलात तरी. अवलंबित व्यक्ती अमेरिकेची नागरिक किंवा रहिवासी, नाहीतर कॅनडा किंवा मेक्सिकोची रहिवासी असावी लागते. त्याच कारणाने भारतात आजीकडे वाढणारं, भारतीय पासपोर्टचं मूलही तुमच्या रिटर्नवर अवलंबित म्हणून दाखवता येत नाही.

एकत्र रिटर्न: फायदा किती आणि कशाच्या बदल्यात

अनिवासी जोडीदाराला पूर्ण वर्षासाठी कर-रहिवासी धरा, असं दोघांनी मिळून आयआरएसला कळवता येतं. अमेरिकी आयकर कायद्याच्या कलम ६०१३(जी) मध्ये ही सोय आहे. ती वापरली की जॉइंट रिटर्न भरता येतं.

फायदा आकड्यांत बघू. करवर्ष २०२५ साठी स्टँडर्ड डिडक्शन वेगळ्या रिटर्नला १५,७५० डॉलर, जॉइंटला ३१,५०० डॉलर. समजा बायको न्यू जर्सीत ९०,००० डॉलर पगारावर आहे आणि नवरा नाशिकला असून त्याला काहीच उत्पन्न नाही. तिने वेगळं रिटर्न भरलं तर करपात्र रक्कम ७४,२५० आणि फेडरल कर ११,२४९ डॉलर. जॉइंट भरलं तर करपात्र रक्कम ५८,५०० आणि कर ६,५४३ डॉलर. फरक ४,७०६ डॉलरचा.

आता नवऱ्याला वर्षाला १४,००० डॉलरइतका, म्हणजे ढोबळमानाने बारा लाख रुपयांचा पगार आहे असं धरा. जॉइंट रिटर्नमध्ये तोही पगार मिळवायचा, कारण निवड केली की दोघांचंही जगभरचं उत्पन्न अमेरिकेत दाखवावं लागतं. कर होतो ८,२२३ डॉलर. तरीही सुमारे तीन हजार वाचले.

इथे सगळे फॉरेन टॅक्स क्रेडिटचं नाव घेतात: भारतात भरलेला कर फॉर्म १११६ भरून अमेरिकेच्या करातून वजा होतो, म्हणून काळजी नको. क्रेडिट मिळतं ते प्रत्यक्ष भरलेल्या कराचं. भारताच्या नव्या करप्रणालीत २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर आणि पगारदारांना पावणेतेरा लाखांपर्यंत कर शून्य आहे. तिकडे कर शून्य, तर इकडे क्रेडिटही शून्य. वरच्या उदाहरणातल्या नवऱ्याच्या एप्रिल २०२५ पासूनच्या पगारावर अमेरिकेचा कर तसाच्या तसा बसतो. उलट, भारतात भरपूर पगार आणि भरपूर कर असलेल्या जोडीदाराला क्रेडिटचा चांगला आधार मिळतो. त्यामुळे 'जोडीदाराला भारतात टॅक्स बसत नाही, मग जॉइंट भरायला काय हरकत' हा युक्तिवाद नेमका उलटा पडू शकतो.

पगारापेक्षाही मला काळजी वाटते ती बाकीच्या गोष्टींची. पीपीएफचं व्याज भारतात करमुक्त असलं तरी अमेरिकेत ते उत्पन्नच आहे. भारतीय म्युच्युअल फंड असतील तर परदेशी फंडांसाठीचा फॉर्म ८६२१ आणि त्याचे किचकट, बऱ्याचदा महागात पडणारे नियम लागू होऊ शकतात. जोडीदार त्या वर्षी वडिलोपार्जित फ्लॅट किंवा जमीन विकणार असेल, तर तो नफासुद्धा तुमच्या जॉइंट रिटर्नवर येतो. परदेशातली आर्थिक मालमत्ता ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की फॉर्म ८९३८ भरावा लागतो आणि ही निवड केलेल्या जोडीदाराच्या खात्यांनाही तो लागू आहे. अमेरिकेत राहणाऱ्यांनी जॉइंट रिटर्न भरलं तर ही मर्यादा वर्षाच्या शेवटच्या दिवशी १,००,००० डॉलर किंवा वर्षात कधीही १,५०,००० डॉलर अशी आहे. शिवाय जॉइंट रिटर्नवर सही केली की कर, व्याज आणि दंडासाठी दोघेही पूर्ण जबाबदार. निम्मं तुझं, निम्मं माझं असं नसतं.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं असं: सॉफ्टवेअरमध्ये रिफंडचा आकडा बघण्याआधी जोडीदाराच्या भारतातल्या सगळ्या उत्पन्नाची आणि खात्यांची यादी दोघांनी मिळून करा. बचत खातं, एफडी, पीपीएफ, फंड, शेअर, भाडं, सगळं. जॉइंट रिटर्न हा फक्त तुमच्या रिटर्नचा निर्णय नाही. भारतातल्या जोडीदाराला काही न सांगता 'इथे सही कर' म्हणणं बरोबर नाही.

निवड कशी नोंदवायची

यासाठी वेगळा फॉर्म नाही. पहिल्या वर्षीच्या जॉइंट रिटर्नला एक निवेदन जोडायचं. त्यात लिहायचं की करवर्षाच्या शेवटच्या दिवशी आमच्यापैकी एक जण अनिवासी आणि दुसरा अमेरिकेचा नागरिक किंवा रहिवासी होता आणि आम्ही दोघंही पूर्ण वर्षासाठी रहिवासी धरले जाण्याची निवड करत आहोत. दोघांची नावं, पत्ते, ओळख क्रमांक आणि दोघांच्या सह्या. सॉफ्टवेअर हे आपोआप बनवून देईल असं गृहीत धरू नका. हा कागद हमखास राहून जातो.

पहिल्या वर्षी जॉइंटच भरावं लागतं. पुढच्या वर्षांत जॉइंट किंवा वेगळं काहीही भरता येतं, पण निवड लागूच राहते आणि जोडीदाराचं जगभरचं उत्पन्न करपात्रच राहतं. निवड मागे घेता येते, त्या वर्षाच्या रिटर्नच्या मुदतीपर्यंत लेखी कळवून. मात्र एकदा ती संपली की दोघांपैकी कुणालाही नंतर कधीच पुन्हा ही निवड करता येत नाही. फक्त एका वर्षाच्या रिफंडसाठी ती वापरून टाकू नका.

आयटिन आणि पासपोर्टचा प्रश्न

जॉइंट रिटर्नवर जोडीदाराचा क्रमांक लागतोच. जोडीदार पूर्वी अमेरिकेत काम करून गेला असेल आणि सोशल सिक्युरिटी नंबर असेल, तर तोच वापरायचा. नसेल आणि मिळण्याची पात्रताही नसेल, तर फॉर्म डब्ल्यू-७ भरून आयटिन मागायचा. हा नऊ आकडी क्रमांक ९ ने सुरू होतो.

डब्ल्यू-७ वर कारण म्हणून 'ई' हा चौकोन निवडायचा: अमेरिकी नागरिकाचा किंवा रहिवाशाचा जोडीदार. नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा, लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर जास्तच जपून. पत्ता भारतातला, सही जोडीदाराची. रिटर्नवर जोडीदाराच्या क्रमांकाची जागा कोरी ठेवायची. डब्ल्यू-७, रिटर्न, निवडीचं निवेदन आणि पासपोर्ट हे सगळं एकत्र ऑस्टिन, टेक्सास इथल्या आयआरएसच्या आयटिन विभागाकडे पाठवायचं, नेहमीच्या रिटर्नच्या पत्त्यावर नाही.

पासपोर्ट एकटाच ओळख आणि परदेशी नागरिकत्व या दोन्हींचा पुरावा म्हणून चालतो. पण तो मूळ लागतो, नाहीतर ज्या यंत्रणेने तो दिला तिनेच साक्षांकित केलेली प्रत. नोटरीचा शिक्का मारलेली झेरॉक्स चालत नाही. त्यासाठी केलेला खर्च आणि वेळ फुकट जातो. मूळ पासपोर्ट पाठवायचा तर तो कित्येक आठवडे हातात नसतो; जोडीदाराचं एच-४ चं स्टॅम्पिंग किंवा प्रवास तोंडावर असेल तर हा विचार सोडून द्या. त्यापेक्षा आयआरएसने मान्यता दिलेला सर्टिफाइंग अ‍ॅक्सेप्टन्स एजंट गाठावा. तो मुलाखत घेतो, मूळ पासपोर्ट पाहून परत देतो आणि आपलं प्रमाणपत्र अर्जाला जोडतो. देशवार यादी आयआरएसच्या संकेतस्थळावर आहे. शुल्क आधी विचारून घ्या. आयआरएसच्या काही टॅक्सपेयर असिस्टन्स सेंटरमध्येही अपॉइंटमेंट घेऊन मूळ पासपोर्ट दाखवता येतो.

अर्जाला साधारण सात आठवडे लागतात. जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंतच्या गर्दीत किंवा परदेशातून पाठवल्यास नऊ ते अकरा. सलग तीन वर्षं रिटर्नवर वापरला नाही तर आयटिन बाद होतो.

जवळ ठेवायचे कागद

तुमचा डब्ल्यू-२ आणि १०९९, जोडीदाराचा फॉर्म १६, फॉर्म २६एएस, बँकांची व्याजाची प्रमाणपत्रं, भाड्याचा हिशेब, फंडांची स्टेटमेंट, कर भरल्याची चलनं. भारताचं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, अमेरिकेचं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर. त्यामुळे दोन आर्थिक वर्षांतले महिने वेगळे काढावे लागतात आणि पगाराच्या मासिक पावत्या उपयोगी पडतात. रुपयांचे डॉलर करताना आयआरएसने दिलेला वार्षिक सरासरी दर वापरता येतो.

तुमच्या स्वतःच्या भारतातल्या खात्यांसाठी एफबार (परदेशी खात्यांची माहिती देणारा अहवाल) वेगळा भरायचा असतो. आईवडिलांबरोबरची जॉइंट खाती धरून सगळ्या परदेशी खात्यांची एकत्रित रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर तो लागतो, मग प्राप्तिकराचं रिटर्न जॉइंट असो की वेगळं.

मुदत आणि उशीर झाल्यास

२०२५ च्या रिटर्नची मुदत १५ एप्रिल २०२६. फॉर्म ४८६८ ने ती १५ ऑक्टोबरपर्यंत वाढते, पण ती रिटर्न भरण्याची मुदत आहे. देणं असलेला कर एप्रिलमध्येच भरायचा. भारतात फॉर्म १६ जूनच्या मध्यापर्यंत हातात येतो आणि प्राप्तिकर विवरणपत्र त्यानंतर भरलं जातं. त्यामुळे जोडीदाराला भारतात पगार असलेल्यांनी मुदतवाढ घेतलेली बरी, क्रेडिटचे आकडे खरे मिळतात.

घाईत वेगळं रिटर्न भरून झालं असेल तरी वाट बंद होत नाही. मूळ रिटर्न भरल्यापासून तीन वर्षांत किंवा कर भरल्यापासून दोन वर्षांत, जे नंतरचं असेल तोवर, १०४०-एक्स (दुरुस्त रिटर्नचा फॉर्म) भरून जॉइंटमध्ये बदल करता येतो आणि निवडीचं निवेदन त्यालाच जोडता येतं. उलटा बदल मात्र होत नाही: मुदत टळल्यावर जॉइंट रिटर्न मोडून वेगळं करता येत नाही. एप्रिलपर्यंत हिशेब जमला नाही आणि मुदतवाढही घेतली नाही, तर आधी वेगळं रिटर्न भरून नंतर दुरुस्ती करणं हाच कमी धोक्याचा रस्ता आहे.